नमुन्याचं कुटुंब

२ फेब्रुवारी

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर राहू देत पाकिटातच. आधीच्या पत्रांतलेही तुझ्याकडे तसेच पडून असणार.

मी बरी आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी एवढं डोळ्यांखालून जाईल. शिवणाचं मशीन चालू आहे. नवे कपडे हल्ली कोणी शिवायला टाकत नाही. लोकांच्या विजारी आखूड करायच्या आणि बाह्या सैल करायच्या, एवढंच काम उरलंय, पण ते भरपूर आहे. तुझ्याकडून उत्तर येत नाही याची आता मला सवय झाली आहे, असं मी लोकांना सांगते.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मी मॉडेल होणार आहे. हस, हस. तुझे बाबा असते तर खोकला येईपर्यंत हसले असते.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात माझ्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या, कापूस आणि पट्टी घ्यायला गेले होते. चप्पल लागून पायाला फोड आलाय, विशेष काही नाही. काउंटरवर एक तिशीची मुलगी असते, तिला मी औषधवाली म्हणते. ती म्हणाली, "काकू, एका फोडाला एवढा कापूस?" मी म्हटलं, "तू विकायचं काम कर." तेवढ्यात माझं लक्ष दाराच्या काचेकडे गेलं. हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. 'चेहरे हवेत. वयाची, रूपाची अट नाही. बसण्याचे पैसे मिळणार नाहीत, फोटो मिळतील.' खाली पत्ता.

"आता चेहरेही उसने लागतात का गं?" मी विचारलं.

औषधवाली म्हणाली, "तिने नवीन स्टुडिओ टाकलाय. गिऱ्हाइकांना दाखवायला आधी फोटो नकोत का? मी परवाच बसून आले. तुम्ही जा ना काकू. तुमचा चेहरा छान आहे."

"छान म्हणजे कसा?"

"रागीट."

मला ते फार आवडलं. घरात माझा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा, त्यात मी फरारी गुन्हेगार दिसते. तुझ्याकडे माझा एकही फोटो नाही हे मला माहीत आहे, कारण जाताना तू कपाटातून काय काय नेलंस ते मी नंतर बघितलं होतं. एक बरा निघाला तर पाठवीन. फाडायचा की ठेवायचा ते तू ठरव.

आई

१२ फेब्रुवारी

आशीर्वाद.

फोटो सोबत आहे. पाकीट जाड लागलं असेल, म्हणून तरी उघडलं असशील.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा दातांचा दवाखाना. डॉक्टर जागा सोडून गेला, पण त्याची ती मागे कलणारी खुर्ची जमिनीत बोल्टांनी पक्की केलेली होती, ती काही निघाली नाही. मग फोटोवालीने त्याच खुर्चीवर काळं कापड टाकलं आणि तिथेच लोकांना बसवते. मी बसले तेव्हा आपोआप तोंड उघडलं माझं. ती हसली. ती स्वतः हसते, दुसऱ्याला हसू देत नाही. "हसलात की सगळे एकसारखे दिसता," असं तिचं म्हणणं. जिना वाईट आहे तिथला. वर पोचायला मला जरा वेळ लागला.

ती म्हणाली, "काकू, ज्याच्यावर राग आहे त्याला मनातल्या मनात हाक मारा. तो दारात आलाय असं समजा."

मी तुला हाक मारली. तिने फोटो काढला.

मला वाटलं होतं चांगली कडक दिसेन. पण फोटोत बघितलं तर एखाद्या स्टँडवर बसून राहिलेली बाई दिसतेय, जिची गाडी कधीच निघून गेलीय आणि तिला कोणी सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलं, "हा नको, दुसरा काढ." तिने ऐकलं नाही. तिच्या मते हाच सगळ्यांत चांगला. कराराप्रमाणे एक फोटो तिच्या भिंतीवर आणि एक माझ्या हातात.

मग मी हट्टच धरला की एक उभ्याने काढ, पायांसकट. ती म्हणाली, "काकू, मी चेहऱ्यांचं काम करते, पायांचं नाही." मी म्हटलं, "फुकट बसलेय ना? मग काढ." मी सरळ उभी राहिले, दोन्ही पाय जुळवून, चपला काढून. डाव्या पायात मोजा होता तेवढा. तो फोटो मी पाठवत नाहीये, तो माझ्याजवळ ठेवते. कशाला हवा होता म्हणशील तर नुसती हौस.

आई

४ मार्च

आशीर्वाद.

तुला आता एक भाऊ आहे, त्याला बायको आहे आणि मुलगी आहे. म्हणजे तुला नाही, मला मुलगा, सून आणि नात आहेत. थांब, नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलं.

फोटोवालीला काचेत लावायला एक कुटुंबाचा फोटो हवा होता. तो बघून लोक आपलं कुटुंब घेऊन येतात म्हणे. तिने खऱ्या कुटुंबांना विचारलं. एका घरातला जावई अडून बसला, दुसऱ्या घरातल्या दोन सुना एका चौकटीत मावेनात. मग ती म्हणाली, जे एकेकटे आलेत त्यांचंच जुळवते. आजी मी. सून औषधवाली. नात म्हणजे फोटोवालीची पाच वर्षांची भाची. आणि मुलगा म्हणून जो मिळाला तो लिफ्ट दुरुस्त करणारा.

त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या लिफ्ट तो सांभाळतो. आपल्या ओळखीचं हॉस्पिटल, तेच. चाळिशीला आलाय, लग्न नाही, घरी कोणी नाही. फोटोसाठी का आलास विचारलं तर म्हणाला, "मावशी, मुली फोटो बघूनच नाही म्हणतात. निदान चांगला फोटो बघून तरी नाही म्हणू देत." मी त्याला नमुना म्हणते. नमुन्याचा मुलगा आहे आणि माणूसही नमुनाच आहे. त्याच्या नखांतलं वंगण काही केल्या निघेना, म्हणून फोटोवालीने त्याचे हात माझ्या खुर्चीमागे लपवले. खुर्चीमागून तो हळूच म्हणाला, "मावशी, मुलगा झालोच आहे तर रागवा थोडं, सवय होऊ दे." मी म्हटलं, "सरळ उभा राहा." तो लगेच ताठ झाला.

फोटो व्हायला बराच वेळ लागला. कोणाची मान वाकडी, कोणाचे डोळे मिटलेले. शेवटी एकदाचा मनासारखा निघाला. तेवढ्यात औषधवालीने खाली बघितलं आणि ओरडली, "अगं, आजींच्या पायावर उभी आहेस तू!"

ती पोर बूट घालून माझ्या डाव्या पायावर उभी होती. मघापासून.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "असू दे, लेकरू आहे." फोटोवाली म्हणाली, "कमाल आहे काकू तुमची! पापणीसुद्धा हलली नाही." मी ते कौतुक घेतलं. औषधवाली मात्र घरी निघेपर्यंत माझ्या मोज्याकडे बघत होती.

फोटो छान आलाय. तुला पाठवत नाही. तू त्यात नाहीस.

आई

२९ मार्च

आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

इथे एक गंमत झालीय. तो कुटुंबाचा फोटो स्टुडिओच्या काचेत लागला आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने तो बघितला. ही नवीन राहायला आलीय, तुला ओळखत नाही. धावत वर आली. "मुलगा-सून आले होते आणि आम्हाला पत्ता नाही! नात तर हुबेहूब तुमच्यावर गेलीय." मी तोंड उघडलं होतं सांगायला. मग ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला कोणी नाही. जीव तुटायचा हो माझा." आणि माझं तोंड मिटलं. कोणाचा जीव आपल्यासाठी तुटतोय हे ऐकायला मला आवडत नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हापासून ती जिन्यात मला हात देते आणि विचारते, मुलगा कधी येणार परत?

आणि तो येतोही! नमुना. एकदा फोटोची प्रत द्यायला आला, तेव्हा नळ गळत होता तो नीट करून गेला. मग मशीनचा पट्टा बदलायला आला. हल्ली मशीन जड झालंय, मी उजव्या पायानेच चालवते. चहा घेतो, खुर्चीच्या टोकावर बसतो, कामावरच्या गोष्टी सांगतो. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काय काय बोलतात याच्या. परवा एका मुलीने त्याचा फोटो बघून नाही म्हटलं नाही, भेटू म्हणाली. तो फोटो त्याने पाकिटात ठेवलाय आणि सारखा काढून बघतो, जसा काही दुसऱ्याच कोणाचा आहे.

औषधवालीही येऊन गेली. सरळ म्हणाली, "काकू, मोजा काढा." मी काढला नाही. ती रडायला लागली. दोन बोटं काळी आहेत, एवढंच. काळी म्हणजे शाईसारखी नाही. मी पट्टी बदलते रोज. ती म्हणाली, "हॉस्पिटलात चला, मी येते बरोबर."

त्या हॉस्पिटलात मी जाणार नाही हे तुला तरी सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डच्या दाराबाहेर मी तुझा हात धरून म्हटलं होतं, बरं होईल म्हण, एवढंच म्हण. तू आत गेलास आणि म्हणालास, "बाबा, फार तर महिनाभर." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. महिनासुद्धा नाही काढला त्यांनी. जिन्यात तू मला सांगितलंस की त्यांना खरं कळायचा हक्क होता. त्यावर मी तुला जे म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. ते मी मागे घेत नाही. तूही तुझं मागे घेतलेलं नाहीस, म्हणजे फिटंफाट.

पायाचं मनावर घेऊ नकोस. ऊन अजून तापलं की सुकेल.

आई

२१ एप्रिल

आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, कारण मी आडवी आहे. हॉस्पिटलात. माझा डावा पाय गुडघ्याखालून काढला.

फेब्रुवारीतल्या पत्रापासून तुला पायाचं खोटंच लिहीत आले. चपलेचा फोड नव्हताच कधी. तुला कळवलं असतं तर तू आला असतास कदाचित, आणि पायासाठी आलेला मुलगा मला नको होता. नुसता आलेला हवा होता.

काय झालं ते मला ऐकूनच माहीत आहे. सकाळी शेजारीण दूध द्यायला वर आली तर मी मशीनजवळ पडलेले, अंग तापाने फणफणलेलं, आणि बडबड चालली होती. तिने रिक्षा बोलावली आणि पहिलं कुठे गेली असेल? स्टुडिओत. "यांच्या मुलाला कळवा!" म्हणून फोटोवालीच्या मागे लागली. फोटोवाली इतकी घाबरली, की तो मुलगा नाही हे सांगायचं तिला सुचलंच नाही. तिने नमुन्याला फोन केला. तो हॉस्पिटलातच होता, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. तसाच वंगणाच्या कपड्यांनी वर आला.

डॉक्टर म्हणाले, विष वर चढतंय, आत्ता पाय काढला नाही तर संध्याकाळपर्यंत बाई हाती लागणार नाहीत. यांचं कोण आहे? शेजारणीने नमुन्याकडे बोट दाखवलं. "हा काय, मुलगा."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला म्हणे. मग म्हणाला, "हो." आणि सही केली.

मला शुद्ध आली तेव्हा तो पायथ्याशी स्टुलावर बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती. मला लगेच कळलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या पायावर सही करणारा तू कोण, तुला कोणी अधिकार दिला, इथपासून सुरुवात होती. तो ऐकत राहिला. नर्सने मला गप्प केलं तेव्हा म्हणाला, "अंग पेटलं होतं तुमचं मावशी. मी काय करणार होतो? नाही म्हणून परत खड्ड्यात उतरणार होतो?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मग मला तुझे बाबा आठवले आणि मी तोंड परत फिरवलं.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही, तुला सांगते. मी शुद्धीत असते तर सही केली नसती. म्हणून तर तो उभ्याचा फोटो काढून घेतला होता. दोन्ही पायांनिशीच जायचं, असं माझं ठरलेलं होतं. त्याच्या एका 'हो'ने ते मोडलं, आणि आता रोज सकाळी जाग येते, खिडकीतून ऊन येतं, आणि मला चहा हवासा वाटतो. याचा मला रागही येतो.

आई

७ मे

आशीर्वाद.

जखम भरत नाहीये म्हणून अजून इथेच आहे. पण ते राहू दे. नमुना गोत्यात आलाय.

हॉस्पिटलात त्याला सगळे ओळखतात. त्याच्या साहेबाने सहीचा कागद बघितला, नातं 'मुलगा', आडनाव वेगळं. साहेबाला आठवलं, की याची आई मागेच वारली, त्यासाठी रजा घेतली होती याने. झालं. खोटं नातं सांगून परक्या बाईचा पाय कापायला लावला, असा ठपका. चौकशीची कमिटी बसली. नोकरी तर जाणारच, वर पोलिसांत देणार म्हणतात. हॉस्पिटलला स्वतःची कातडी वाचवायची आहे. उद्या कोणी दावा ठोकला तर आम्हीच त्याला पकडून दिलं असं म्हणता यायला हवं.

आणि तो? हात वर करून मोकळा. "गेली तर गेली नोकरी. खोटं बोललो हे खरंच आहे ना मावशी." ती भेटू म्हणालेली मुलगीही बातमी कळल्यावर मागे सरली. तेही त्याने असं सांगितलं, जसा एखाद्या लिफ्टचा बिघाड सांगतोय.

मला चाकाच्या खुर्चीतून कमिटीपुढे नेलं. टेबलामागे तिघं. मधल्या बाई म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. हा माणूस तुमचा कोण?"

मी म्हटलं, "मुलगा."

"आडनाव वेगळं कसं?"

"माझ्या पहिल्या लग्नाचा."

हो. या वयात, एका पायावर, मी पहिलं लग्न केलं. इतक्या सहज बोलून गेले, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी विचारलं, त्याची आई तर वारली. मी म्हटलं, ती त्याला वाढवणारी. जन्म मी दिला आणि तान्हा असताना टाकून निघून आले. पुढे त्याने मला शोधून काढलं. खालच्या शेजारणीला विचारा, तो घरी येतो. स्टुडिओच्या काचेत आमचा फोटो आहे, जाऊन बघा.

त्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशा नजरेने माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. पोर टाकून आलेली बाई. शेजारीण भेटायला आली तीही आता खुर्ची जरा लांब ओढून बसते. बसू दे.

नमुना बाहेर बाकावर होता. त्याला आत बोलावलं, माझा जबाब वाचून दाखवला, आणि खरं का म्हणून विचारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्या दिवशी 'सरळ उभा राहा' म्हणताना बघितलं होतं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. मग म्हणाला, "खरं आहे." नंतर कॉरिडॉरमध्ये माझी खुर्ची ढकलत नेताना त्याने पहिल्यांदा मला आई म्हटलं. कोणी ऐकत नव्हतं, तरी म्हटलं.

कमिटीने अजून निकाल दिलेला नाही. अठरा तारखेला परत बसणार आहेत.

आई

१३ मे

बाळा,

तुझं पत्र आलं.

नर्सने हातात दिलं तेव्हा अक्षर बघूनच ओळखलं. उघडायच्या आधी बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "वाईट बातमी आहे का हो?" मी म्हटलं, "नाही, मुलाचं आहे." आणि मग गप्प झाले, कारण इथे माझा मुलगा दुसरा आहे.

कमिटीने तुझ्या बाबांचे जुने कागद काढले, त्यावर तुझा पत्ता होता, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तुझ्या आईचं आधी लग्न झालं होतं का, हा माणूस तुझा भाऊ आहे का, असं त्यांनी तुला विचारलं. तू त्यांना अजून उत्तर पाठवलं नाहीस, आधी मला लिहिलंस. याबद्दल तुझे किती उपकार मानू ते कळत नाही. तुझं पत्र चारच ओळींचं आहे. 'आई, पायाचं मला का कळवलं नाहीस? हा माणूस कोण आहे? मी सतरा तारखेला पोचतो. कमिटीपुढे जे खरं आहे ते सांगेन आणि तुला घेऊन जाईन.' म्हणजे माझी पाकिटं तू उघडलीच नव्हतीस; आता उघड, सगळं त्यांत लिहिलंय.

'तुला घेऊन जाईन.' हे मी किती वेळा वाचलं विचारू नकोस. माझ्या बोटांनी तिथला कागद मळलाय. मला तुला बघायचं आहे. केस गेले का रे तुझे बाबांसारखे? चष्मा लागला का? दारातून कोणी आत येताना दिसलं की मी मान वर करते, आजसुद्धा केली, आणि तू तर सतराला येणार हे मला माहीत आहे.

येऊ नकोस.

आधी पूर्ण वाच, मग चिडायचं तर चीड. तू कमिटीपुढे बसशील. ती बाई तुला विचारेल, हा तुमचा भाऊ का? तुला एवढंच म्हणायचं असेल: हो. एक शब्द. तो त्याने माझ्यासाठी म्हटला होता. तुला तो म्हणता येणार असेल तर आजच निघ, सतराचीही वाट बघू नकोस. पण तुला येणार नाही. लहानपणी समोरच्यांची काच फुटली तेव्हा कोणी विचारायच्या आधीच तू जाऊन त्यांचं दार वाजवलं होतंस, आणि मी तुला जवळ घेतलं होतं. तसं तुला मीच वाढवलं. आता कोणाला दोष देऊ?

तू त्या दिवशी इथे असतास तर काय झालं असतं, याचा मी पडल्यापडल्या विचार करते. तू शुद्ध येण्याची वाट बघितली असतीस. मला सगळं समजावून सांगितलं असतंस, काढला तर काय, नाही काढला तर काय. मग विचारलं असतंस, आई, तुझी इच्छा काय? मी नाही म्हटलं असतं. आणि तू माझं ऐकलं असतंस, कारण तू माणसाचा मान राखतोस. मी त्याच दिवशी संपले असते, अगदी रीतसर. त्याने माझा मान राखला नाही. म्हणून आज तुझं पत्र माझ्या हातात पडलं.

त्याला आत टाकतील रे. साधा माणूस आहे, उलट उत्तर द्यायचंही त्याला कळत नाही.

तेव्हा कमिटीला एवढं लिही, की आईच्या आधीच्या आयुष्याबद्दल मला काही माहिती नाही, आमचे संबंध नाहीत. यात खोटं काहीच नाही, तुझ्या हातून लिहून होईल. मग मला पत्र टाकू नकोस. इथे टपाल हॉस्पिटलच्या ऑफिसातून फिरून येतं आणि कोणीतरी उघडेल. मी कितीतरी पत्रांत तुझ्याकडे एका उत्तराची भीक मागितली आणि आता मीच म्हणतेय लिहू नकोस, हे मला कळतंय. माझा जीव आतून पिळवटून निघतोय हेही लिहून ठेवते, उगाच तुला वाटायला नको की म्हातारीला नवा मुलगा मिळाला आणि जुना नकोसा झाला.

सगळं निवलं की ये, असं लिहिणार होते. लिहिलंही होतं, मग तो कागद फाडला. काल डॉक्टर येऊन गेले. दुसऱ्या पायाची बोटं काळी पडायला लागलीत आणि मूत्रपिंडंही थकलीत. मी त्यांना म्हटलं, मला खरं सांगा, माझा मुलगा खरं सांगणारा आहे. ते म्हणाले, पावसाळा बघाल की नाही सांगता येत नाही. नमुन्याला हे माहीत नाही. त्याला मी बरं होईल म्हणून सांगितलंय आणि तो नव्या पायाची चौकशी करत फिरतोय.

तुला खोटं आवडत नाही, म्हणून तुला खरं सांगितलं. आता हे माहीत असूनही येऊ नकोस.

आई